एकच नाव उघडत नाही

पिरेयस, ११ जून

प्रिय आत्या,

स्ट्रातिसदादाने तुला फोनवर सांगितलंच असेल, आणि तू ‘हो, हो’ म्हणून फोन ठेवला असशील. म्हणून नीट लिहून कळवते. त्याच्या मुलीचा, म्हणजे बेबाचा (नाव पडेपर्यंत ती सगळ्यांची नुसती बेबा), बाप्तिस्मा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, आपल्याच बेटावर, आपल्याच देवळात. आणि तिची नोना, म्हणजे धर्ममाता, मी. तिला तेलाने माखायचं, पाण्यातून वर आलेली ओली बेबा झेलायची आणि तिचं नाव सगळ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारायचं, हे सगळं माझ्याकडे. ती निसटेल अशी भीती मला आतापासूनच वाटते. रोज संध्याकाळी ओलं कलिंगड उचलून बघते.

नाव ठरलंय. दादाला, कल्योपीवहिनीला, मेलबर्नला तिच्या आईला, माझ्या आईला आणि मला एवढ्यांनाच ठाऊक आहे. तुलाही सांगणार नाही, रागावू नकोस. तूच शिकवलंस की बाप्तिस्म्याआधी नाव फुटलं तर ते शिळं होतं.

आता माझ्या कामाचं. मी ज्या दुकानात पत्रिका छापते तिथे आता प्रत्येक गिऱ्हाइकाला एक छोटी लिंक करून देतो. वेबसाइटचा खरा पत्ता हातभर लांब असतो, तो पत्रिकेवर छापला तर कोणी टाइप करणार नाही. म्हणून दुकानाचं छोटंसं नाव, मग तिरकी रेघ आणि मग आपल्या पसंतीचा एक शब्द. तो शब्द मी निवडते, ती लिंक कुठे पोचेल तेही मी ठरवते. एकदा छापलेला शब्द बदलता येत नाही, पण तो कुठे नेतो ते हवं तेव्हा बदलता येतं. बेबाच्या पत्रिकेवर रेघेपुढे नुसतं ‘बेबा’ छापलंय, एक पत्रिका सोबत ठेवली आहे. आज ते टाइप केलं तर आमंत्रण दिसतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी नाव उच्चारलं गेलं, की मी तीच लिंक नव्या पानाकडे वळवणार: तिथे नाव आणि फोटो. मेलबर्नच्या देस्पिनाआजीला विमानप्रवास झेपणार नाही, तिच्यासाठी हे सगळं.

शिवाय बेबाच्या खऱ्या नावाची लिंकही मी आताच अडवून ठेवली आहे, नाहीतर दुसरं कुणी ते नाव घेऊन बसेल. तिथे सध्या कोरं पान आहे, वर एक फुगा.

हे सगळं बरोबर करते आहे ना? काल झोपताना वाटलं, फुगा थोडा पोरकट झाला.

तुझी मिर्सिनी

•

बेट, २४ जून

मिर्सिनी,

पत्र मिळालं. पान्तेलिसच्या कॉफीच्या दुकानात बसून वाचलं, कारण चष्मा तिथेच विसरले होते. नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. इथे पत्र एकट्याने वाचणाऱ्या बाईकडे लोक संशयाने बघतात.

तुझी लिंक मला कळली. गल्लीच्या तोंडाशी पाटी तीच, आतलं घर बदलायचं. ह्याला कॉम्प्युटर कशाला हवा? आपला जुना पाद्री दर वर्षी हेच करायचा: पाटीवर ‘पाद्री आत आहेत’, आणि पाद्री कधी शेतात, कधी बोटीवर.

पण एक बजावते. बेबाचा बाप्तिस्मा इथे होणार असेल तर इथल्या रीतीने होईल. आई देवळात येत नाही. ती घरी बसते. नोनाने नाव उच्चारलं की पोरं देवळातून सुटतात, पायऱ्या चढत घरी धावतात, आणि जो आईला (तिला ठाऊक असलं तरी) नाव आधी सांगेल त्याला पहिली मूठ बदामांची. बेबाला नाव ठेवलं आणि ते आईला फोनने कळलं, असं ह्या बेटावर अजून झालेलं नाही. तुझी ती लिंक पोरांच्या पुढे धावली तर मी तुला तेलासकट पाण्यात बुडवीन. कल्योपीला मी हे सांगितलं. ती अथेन्सची असूनही चटकन हो म्हणाली. तिला बहुधा बसायला मिळतंय ह्याचाच आनंद झाला.

आता गंमत. तुझ्या पत्रातलं ‘खऱ्या नावाची लिंक अडवून ठेवली’ हे वाक्य ऐकून पान्तेलिसने टेबल पुसायचं फडकं खाली ठेवलं. शाळेत बेरीज त्याला मीच शिकवली, पण हे मी शिकवलेलं नव्हे. तो म्हणाला, “बाई, म्हणजे एक नाव सोडून बाकी सगळी बंद. चला, दारं ठोठावू.” आणि फोन काढला.

रेघेपुढे पहिलं नाव घातलं देस्पिना, कारण पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ही आपली रीत. फोनवर आलं, ‘असं पान नाही.’ मग तुझ्या आईचं, झाबेता. तेही नाही. तेव्हा दुकानात जी कुजबुज सुरू झाली ती विचारू नकोस. दोन्ही आज्यांना सोडून नाव ठेवतात म्हणजे काय? मच्छीमार म्हणतात, काहीतरी अथेन्सचं थेर असणार. पान्तेलिसने वर्णमालेच्या क्रमाने जायचं ठरवलंय. काल गॅमा संपलं. आज डेल्टा घ्यायचं, तेवढ्यात मेल्तेमी, आपला उन्हाळी वारा, सुटला आणि टेकडीवरचा खांब वाकडा झाला. फोन सगळे मुके आहेत. बोटही बंद. हे पत्र वारा पडला की निघेल.

कलिंगड खाली पाडलंस की नाही, ते कळव.

एवांथिया

•

पिरेयस, २ जुलै

आत्या,

तुझं पत्र वाचून मी घाबरले. कलिंगड पाडलं, ते वेगळं.

दोष माझा आहे. मी रोज लोकांना सांगते की लिंकच्या शेवटी सहज ओळखता येईल असा शब्द ठेवू नका, कोणीही दार ठोठावून बघेल. आणि स्वतःच्या भाचीच्या बाबतीत नेमका तोच शब्द ठेवला. मी मनात अनोळखी माणसांचा विचार करत होते. पान्तेलिसकाकांचा विचारच केला नाही.

पत्र हातात पडलं तेव्हा दुकानात एका नवरीशी पत्रिकेच्या कागदाबद्दल बोलत होते. तिला “एक मिनिट” म्हणून मागे गेले आणि खऱ्या नावाची लिंक काढूनच टाकली. आता ते नाव टाइप केलं तर ‘असं पान नाही’ एवढंच येईल, कधी काही नव्हतंच असं. खांब सरळ व्हायच्या आत मी पोचले की नंतर, हे मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग, पण कोणत्या अक्षराला पोचलात एवढंच सांग. नावं लिहू नकोस, उत्तर देताना माझ्या हातून काहीतरी निसटेल.

मग विचार केला, नुसतं काढून टाकून काय उपयोग? जितकी नावं बंद, तितका त्यांचा उत्साह वाढणार. म्हणून उलटं केलं. देवळाच्या दिनदर्शिकेतली, आपल्या नात्यातली, कबरस्तानातल्या दगडांवरची, आठवतील तेवढी बायकांची नावं घेऊन प्रत्येकाची लिंक केली, आणि सगळ्या एकाच पानाकडे वळवल्या. तिथे लिहिलंय: ‘हे नाव नाही. देवळात या.’ मालकीण म्हणाली, “मिर्सिनी, एका बाळासाठी एवढी दारं मी राजवाड्याला पाहिली नाहीत.” पण हसत म्हणाली. बसवायला मदतही केली.

नाव कळेल ते देवळात, आणि आधी पोरांच्या तोंडून. लिंक मागून येईल, वचन देते.

एक विनंती आहे. माझी पत्रं दुकानात मोठ्याने वाचू नकोस.

मिर्सिनी

•

बेट, २० जुलै

मिर्सिनी,

डेल्टापर्यंत. खांब सरळ झाला तोवर तुझी दारं बसली होती. आता सुखाने झोप.

कल्योपी आणि बेबा माझ्याकडे येऊन आठवडा झाला. बेबा दिवसभर माझ्या मांडीवर असते आणि माझी साखळी चावते. दात नाहीत, पण निश्चय आहे. तिला नाव नसल्यामुळे गाव तिला वाटेल ते म्हणतं. कोळीण तिला ‘सार्डिन’ म्हणते, म्हणजे चिमुकली मासळी. मी तिला काहीच म्हणत नाही, नुसतं बोलते.

दुकानात तुझ्या दारांनी धमाल उडवली. कुठलंही नाव घाला, उघडतं, आणि आत ‘हे नाव नाही. देवळात या.’ पहिल्या दिवशी लोक चिडले, दुसऱ्या दिवशी त्यांना त्यात मजा यायला लागली. प्रत्येक बाईने स्वतःचं नाव घालून बघितलं. पान्तेलिसने गाढविणीचं नाव घातलं, मारिका. तेही उघडलं. तो बाहेर जाऊन तिला सांगून आला, “मारिका, तू नाहीस. देवळात ये.” पाद्री म्हणतात, ह्या वर्षी देवळात उभं राहायला जागा मिळणार नाही आणि त्याचं श्रेय त्यांच्या प्रवचनाला नाही.

परवा बोट आली तेव्हा सगळे धक्क्यावर गेले. मी आणि पान्तेलिस दोघंच दुकानात होतो. टेबलावर त्याचा फोन होता. मी सहज माझं नाव घातलं. सहज, काही कारण नव्हतं. ‘असं पान नाही.’

मला वाटलं माझी चूक झाली. चष्मा पुसून परत घातलं. असं पान नाही. पान्तेलिसने फोन माझ्या हातातून घेतला, बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाला, “बिघडला असेल, बाई.” आणि चेरीच्या मुरांब्याची बशी आणून ठेवली. मी मागितली नव्हती.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. इतकी नावं आठवायची म्हणजे एखादं सुटणारच. कबरस्तानातल्या बायका आठवल्या, मारिकासुद्धा आत आली. ज्यांना पोरंबाळं नाहीत त्यांची नावं तशीही कुणाच्या जिभेवर नसतात, त्यात तुझा काय दोष? फक्त ‘हे नाव नाही’ एवढं मला वाचायला मिळालं असतं तर मीही बाकीच्या बायकांसारखी हसले असते.

आणखी एक. मी देवळात येणार नाही. गुडघे पायऱ्यांना कंटाळलेत, आणि आईसोबत कुणीतरी घरी बसायला हवंच. मी बसेन. तू नाव नीट मोठ्याने उच्चार. लहानपणी शेवटचा शब्द गिळायचीस.

एवांथिया

•

पिरेयस, ३० जुलै

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर चारदा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं आहे, म्हणून छोटं आहे.

तू सुटली नाहीस. एवढंच लिहू शकते. ह्याहून जास्त लिहिलं तर एक वचन मोडेल, आणि काहीच लिहिलं नाही तर तू ऑगस्टभर त्या बशीकडे बघत बसशील. तूच सांगायचीस की तोंडाने थाप मारली तर वारा नेतो, कागदावर मारली तर ती कायमची राहते. स्वयंपाकघरातल्या त्या टेबलावर मला हे शिकवलंस त्याला पंधरा वर्षं झाली असतील. ते मी अजून पाळते. बस, इतकंच.

घरी वहिनीसोबत तूच बस. दुसऱ्या कुणाला बसवू नकोस. आणि निळा पोशाख घाल, स्वयंपाकघरातला काळा नव्हे.

कलिंगड आता पडत नाही.

मिर्सिनी

•

बेट, ७ सप्टेंबर

मिर्सिनी, पोरी,

तू बोटीत बसलीस आणि मी धक्क्यावरून नुसता रुमाल हलवला. बोलले काहीच नाही. मेजवानीतही नाही. नाचताना तू दोनदा माझ्याजवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघितलंस, आणि दोन्हीदा मी तुला बकऱ्याचं मटण वाढलं. तुला कळलं असेल, पण तू अशी आहेस की लिहून मिळाल्याशिवाय तुझा जीव भांड्यात पडणार नाही. म्हणून लिहिते.

तुझं जुलैचं पत्र मला कळलंच नव्हतं. वाटलं, पोरगी ओशाळली आहे आणि सावरासावर करते आहे. निळा पोशाख घातला तो केवळ काळा धुवायला टाकला होता म्हणून.

त्या दिवशी मी आणि कल्योपी गच्चीत बसलो होतो. तिने केस धुतले होते, मांडीवर बदामांचं ताट. घंटा थांबल्या. देवळात एवढी माणसं, तरी इथवर काही ऐकू येईना, फक्त बेबाचं रडणं आलं. म्हणजे पाण्यात गेली. कल्योपीने माझा हात धरला. मला वाटलं, बेबा रडते म्हणून.

मग खालच्या पायऱ्यांवरून आरडाओरडा. मी कठड्यावरून वाकून बघितलं तर पोरांच्या घोळक्यापुढे पान्तेलिस. पोटावर हात, शर्ट बाहेर, तोंड टोमॅटोसारखं. आणि ओरडतोय काय? “एवांथिया! एवांथिया!”

मला वाटलं, देवळाला आग लागली. मला वाटलं, तू बेबाला पाडलीस. आणि त्यातही डोक्यात आलं की ह्या माणसाची माझं नाव घ्यायची हिंमत झाली कशी? जन्मभर तो मला बाई म्हणतो. मी वरून ओरडले, “पान्तेलिस, तोंड सांभाळ! बाई म्हण! काय झालंय?”

तो पायरीवर बसला. हसतोय की रडतोय ते कळेना. मागून बेकरीवाल्याची धाकटी आली, ती म्हणाली, “तुम्हाला नाही, बाई. बेबाला.”

मी कल्योपीकडे वळले. तिने ताट पुढे धरलं होतं, पोरं त्याच्यावर तुटून पडली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “आईने स्वतः सांगितलं, आत्या. तिच्या नावाच्या तीन नाती आहेत. ती म्हणाली, जिने गावच्या दोन पिढ्यांची पोरं शिकवली तिच्या नावाची एकसुद्धा नाही, हे बरं दिसत नाही. झाबेताआईही लगेच हो म्हणाल्या.”

मी म्हटलं, दूध उतू जातंय. चूल पेटलेलीच नव्हती. तरी आत जाऊन उभी राहिले, थोडा वेळ.

तिथे उभी असताना मला तुझं कोडं उमगलं. सगळ्या दारांवर तू लिहिलंस, ‘हे नाव नाही.’ एका दारावर ते लिहिणं खोटं झालं असतं. म्हणून तू दारच बसवलं नाहीस. बाकी कुणीही मुकाट्याने ते सगळीकडे सारखं लावलं असतं. खोटं लिहू नये हे मीच शिकवलं, आणि त्याची शिक्षा महिनाभर मीच भोगली. पुढच्या वेळी जरा कमी शीक.

आणि पान्तेलिसला त्या दिवशी फोन बघताक्षणी सगळं कळलं होतं. सगळी नावं उघडतात, एकच उघडत नाही, तर खरं कोणतं? ही बेरीज त्याला जमली आणि मला जमली नाही. चेरीची बशी त्याचीच. महिनाभर त्याने तोंड उघडलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. ज्या माणसाला बोटीवर कोण आलं हे धक्क्यावरून दुकानापर्यंत पोटात ठेवता येत नाही, त्याने. त्या दिवशी देवळात तू नाव उच्चारलंस (शेवट गिळला नाहीस, पाद्रींनी खास सांगितलं) तेव्हा तो पोरांना ढकलून बाहेर पडला म्हणे. पहिली मूठ त्याचीच झाली. पोरं अजून चिडलेली आहेत.

तू तुझं वचनही पाळलंस. तेलाने बरबटलेल्या बोटांना फोन दाद देईना आणि मेलबर्नला देस्पिना अर्धा तास ‘आमंत्रण’ बघत बसली होती, असं तू ओशाळून सांगत होतीस. ओशाळू नकोस. तिचा मला फोन आला. मी ‘हो, हो’ म्हणून ठेवला नाही, चांगली बोलले. ती म्हणाली, अर्धा तास ती घरातल्या सगळ्यांना ते नाव सांगत फिरत होती, लिंक उघडायच्या आत.

काल मी स्वतः पान्तेलिसच्या फोनवर माझं नाव घातलं. उघडलं. बेबाचा फोटो, तेलाने चकचकीत, तोंड वासलेलं, आणि तिला धरलेले तुझे दोन हात. घट्ट धरलंस. वर तो फुगा. फुगा पोरकट नाही, राहू दे.

आता माझं एक काम कर. तू म्हणालीस, पाटी तीच राहते आणि आतलं घर बदलता येतं. ते दार दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. फोटो काही वर्षं चालेल. ती पाच वर्षांची झाली की उन्हाळ्यात इथे पाठवा, त्याच टेबलावर मी तिला लिहायला शिकवीन. मग ती जे पहिलं वाक्य लिहील ते तिथे लाव. काय लिहील ते लिहो, खरं असलं म्हणजे झालं. तोवर माझे गुडघे टिकतील, मी त्यांना सांगितलंय.

बेबा परवा अथेन्सला गेली. पान्तेलिस मात्र रोज सकाळी दुकान उघडायला जाताना माझ्या दारावरून मोठ्याने “एवांथिया” म्हणत जातो, आणि मी खिडकीत आले की म्हणतो, “तुम्हाला नाही बाई, बेबाला.”

मी तरी ओ देते.

थोरली एवांथिया